धाकट्याचं पोट कुणी कापलं?

१

मंगळवारी सकाळी धाकट्याची खोळ उतरवली, त्याच्या पोटावर दोन भोकं सापडली, आणि कात्रीताईंच्या जिवात जीव आला.

कुणाच्या पोटाला भोकं पडल्याचा आनंद होणं बरं नव्हे, पण धाकटा हा माणूस नव्हता. नाटक कंपनीच्या कपडेपटात प्रत्येक मुख्य नटाचा एकेक कापडी पुतळा होता. ज्याच्या त्याच्या अंगाइतका कापूस भरायचा आणि वर विणलेली खोळ चढवून ठेवायची. नट मंडळी सदा तालमीत नाहीतर दौऱ्यावर. त्यांना मापासाठी पकडून आणणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. म्हणून कपडे पुतळ्यावर बेतायचे, शिवायचे आणि अगदी शेवटी एकदा माणसाच्या अंगावर चढवून बघायचे, अशी इथली पद्धत. कंपनीच्या मुख्य नटाला सगळे हिरो म्हणायचे, म्हणून त्याचा पुतळा धाकटा हिरो, थोडक्यात धाकटा.

आदल्या दिवशी रंगमंचावर सगळ्यांदेखत हिरोला नव्या नाटकाचा मखमली कोट चढवला आणि तो पोटावर मिटेना. चांगली चार बोटं कमी पडत होता. कात्रीताईंनी गडबडीने टाचण्या लावायला घेतल्या. त्यातली एक कापडातून आरपार जाऊन हिरोच्या कुशीत रुतली. आता हा नाट्यगृह डोक्यावर घेणार, या धास्तीने त्यांनी डोळे मिटले, पण हिरो आपला कोटाला नावं ठेवण्यात गुंग होता. कोट शिवलाय की उशीचा अभ्रा, असं तो दोनदा म्हणाला.

कंपनीच्या मालकीणबाई पहिल्या रांगेतून हे बघत होत्या. पहिला प्रयोग शनिवारी होता. बाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या की बाहेरच्या दुकानातून भाड्याने कोट आणायचा का, ते त्या उद्या संध्याकाळी ठरवतील. आणि एकदा भाड्यानेच आणायचं तर एवढा कपडेपट पोसायचा कशाला, तेही ठरवतील.

कात्रीताईंनी या खोलीत निम्मं आयुष्य घालवलं होतं. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, कारण तोच कोट धाकट्याच्या अंगावर अगदी चपखल बसत होता. म्हणजे एकतर आपला हात गेला, नाहीतर धाकटा खोटं बोलतोय. आता भोकं सापडली होती. हात गेला नव्हता.

“आत्या, जरा इकडे ये,” त्यांनी हाक मारली.

ही त्यांची सख्खी आत्या. तिने सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर घरात बसून करमेना, म्हणून ती इथे येऊन बटणं लावायची आणि पुतळ्यांमध्ये कापूस भरायची. कंपनी तिला सिस्टर आत्या म्हणायची आणि तिच्या चौकशांपासून चार हात लांब राहायची. आत्याने चष्मा लावला आणि धाकट्याच्या पोटापाशी वाकली.

“मला वाटलं, तूच कापूस कमी केलास,” कात्रीताई म्हणाल्या. “सुट्टीत कोट बेतायला घेतला तेव्हा हा बारीक दिसला होता. म्हटलं, तू हिरोला गाठून नवं माप घेतलं असशील.”

“मी कशाला घेऊ? आणि हा टाका माझा नाही. मी प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारते, सवयच आहे हाताला. हे म्हणजे कुणीतरी पोत्याचं तोंड शिवलंय.” आत्याने सैल टाक्यांमधून एका भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं. “पण मला एक सांग. कापूसच काढायचा तर माणूस सरळ उभी चीर देईल आणि मूठमूठ उपसेल. याने एवढीशी दोन भोकं पाडून चिमूटचिमूट का काढला असेल?”

२

खोळीखाली आणखी काही होतं. धाकट्याच्या पोटावर आणि दोन्ही कुशींवर निळ्या पेनाने वर्तुळं काढलेली होती, एकात एक. कापूस गेला होता तो तेवढ्याच भागातला. छाती, पाठ, खांदे सगळं जसंच्या तसं होतं. आत्याने ती वर्तुळं बराच वेळ बघितली आणि बोटाने गिरवून पाहिली.

हे झालं कधी, याचा अंदाज करणं सोपं होतं. कंपनीला सुट्टी लागली त्या दिवशी कात्रीताई मखमल आणायला बाजारात गेल्या होत्या आणि कपडेपट दुपारभर उघडा होता. तेवढ्या वेळात आपापलं सामान न्यायला चौघं जण आत येऊन गेले होते. मालकीणबाई, हिरो, हिरोची बायको आणि राखीव.

राखीव हा हिरोचा बदली नट. हिरोचे सगळे संवाद त्याला पाठ, पण हिरो कधी आजारी पडायचा नाही आणि राखीवला कधी प्रकाशात यायला मिळायचं नाही. कात्रीताईंचा संशय सरळ त्याच्यावर गेला. कोट फसला की हिरो चिडणार, चिडला की नाटक सोडतो म्हणणार, आणि मग कुणाचं नशीब उघडणार?

आत्याने वाद घातला नाही. ती कोट हातावर टाकून, कात्रीताईंना बरोबर घेऊन राखीवला शोधायला निघाली.

तो विंगेत दोरखंड गुंडाळत बसला होता. आत्याने त्याला कोट घालायला लावला. पोटावरची सगळी हुकं एकापाठोपाठ एक लागली, जणू कोट त्याच्यासाठीच शिवला होता. राखीवचा चेहरा उजळला आणि मग आपण किती उजळलो हे लक्षात येऊन पडला.

“मी काही केलं नाही,” तो म्हणाला.

“कुणी काय केलं, असं मी विचारलंय का?” आत्या म्हणाली.

३

परत येताना कात्रीताईंचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. चोर सापडला, आता बाईंकडे जायचं. आत्याने त्यांना जिन्यातच थांबवलं.

तिचं म्हणणं असं की कोट पोटावर बसला, पण खांदे बघितलेस का? ते दंडापर्यंत उतरले होते. ज्याला स्वतःसाठी कोट हवा तो धाकट्याचे खांदेही कमी करील, नुसतं पोट कशाला कापत बसेल? कात्रीताईंना हे पटलं आणि पटल्याचं वाईटही वाटलं.

मालकीणबाईंचा निकाल तर आत्याने त्यांना न भेटताच लावला. कपडेपट बंद करायला त्यांना कारणाची गरज नव्हती, कंपनी त्यांची होती. शिवाय ती मखमल त्यांनी स्वतः चार दुकानं पालथी घालून निवडली होती. ती वाया घालवायची तर त्यांनी आधी स्वतःचा हात कापून घेतला असता.

राहिली नवराबायको. हिरोची बायको त्याच नाटकात नायिकेच्या मैत्रिणीचं काम करायची. जीभ तिखट, चेहरा हसता. आज मात्र ती मेकअपच्या खोलीत तोंड फुगवून बसली होती. आत्याने दोन कप चहा नेला, आणि धाकट्याचं नाव निघायच्या आतच तिकडून बांध फुटला.

नवरा सुट्टीत आरोग्य शिबिराला म्हणून गेला आणि परत आल्यापासून बदललाय. न्हाणीघराला आतून कडी. झोपायला वेगळी खोली. रात्री उशी घेऊन जवळ गेलं की अंग चोरतो. जरा बसला की उठून येरझाऱ्या घालतो, मन थाऱ्यावर नसल्यासारखा. बरं, घरातली उशीही सुट्टीपासून अचानक एवढी जाड झालीय की हिची मान धरलीय. विचारलं तर म्हणतो, तुझा भास.

“आणि परवा त्यांच्या बॅगेत काय सापडलं सांगू?” तिने आवाज उतरवला. “बाईचा पट्टा. छातीखालून मांडीपर्यंत येणारा, अंगाला घट्ट बसणारा, बाजूने हुकंच हुकं. माझा नाही तो. मी शनिवारचा प्रयोग करते आणि माहेरी जाते, सिस्टर आत्या. मला आता काही विचारायचंही नाही त्यांना.”

दारात उभ्या कात्रीताईंना धक्काच बसला. दहा वर्षं हे जोडपं एकमेकांची टिंगल करत सुखाने नांदत होतं. आत्याने मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “ब्लाउज स्वतः शिवतेस ना गं? हा टाका तुझाच ना?” तिने बाहीची शिवण उलटून बघितली. शिवण मुंगीच्या रांगेसारखी बारीक होती. आत्या खूश झाली.

“माहेरी जायची घाई करू नकोस,” ती म्हणाली. “आधी संध्याकाळी कपडेपटात ये.”

४

“म्हणजे हिरोच,” कात्रीताई म्हणाल्या. “पण आत्या, स्वतःचा कोट स्वतःच तंग कोण करून घेईल? सगळ्यांसमोर त्याचीच शोभा झाली की.”

“तेच तर,” आत्या म्हणाली, आणि हिरो भेटला तिथेच, म्हणजे नाट्यगृहाच्या मागच्या व्हरांड्यात, त्याच्याबरोबर येरझाऱ्या घालायला लागली. कात्रीताई मागून चालत होत्या.

बोलणं हवापाण्याचं चाललं होतं. हिरोने एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बंद सदरा घातला होता आणि घामाने निथळत होता. आत्याने शिबिराची चौकशी केली. छान होतं, तो म्हणाला. झाडं होती. जेवण कसं होतं? तेही छान होतं. दुसऱ्या अंकात तुम्ही खिडकीतून उडी मारता ना, ती जमते का अजून? हिरोचं पाऊल चुकलं. जमेल, तो म्हणाला, का नाही जमणार.

मग आत्याने त्याला एकच प्रश्न विचारला, जो कात्रीताईंना कळला नाही.

“शिबिराहून आल्यावर वजनकाट्यावर उभे राहिलात का हो?”

हिरो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रंगमंचावर तो तीन खून पचवायचा, पण हा एक प्रश्न त्याला पचला नाही. तो तसाच वळला आणि आत निघून गेला.

“बिचारा,” आत्या म्हणाली. “घाबरलाय.”

कात्रीताईंना त्याची अजिबात कीव आली नाही. संध्याकाळ जवळ येत होती आणि त्यांची नोकरी अजून धोक्यातच होती.

५

संध्याकाळी कपडेपटात सगळे जमले. मालकीणबाई इस्त्रीच्या टेबलापाशी खुर्चीत, राखीव दारात, हिरोची बायको एका भिंतीला, हिरो समोरच्या भिंतीला, आणि मधोमध उघडाबंब धाकटा. आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कोट चुकलेला नाही,” ती म्हणाली. “कोट शिवायच्या आधीच रुग्णावर शस्त्रक्रिया झाली होती. रुग्ण म्हणजे हा. ती कुणी केली, ते सांगण्याआधी ती कुठली होती, ते सांगते.”

तिने निळी वर्तुळं दाखवली. लायपोसक्शन म्हणजे चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया करण्याआधी सर्जन माणसाला उभं करून अंगावर अशाच खुणा करतात, कारण आडवं झालं की चरबी सरकते. मग एवढेसे छेद घेतात, आत बारीक नळी घालतात आणि खुणेइतक्या भागातली चरबी ओढून घेतात. धाकट्याला ज्याने बारीक केलं त्याने डॉक्टरांकडे याची चित्रं पाहिली होती. नळीऐवजी त्याने विणकामाची सुई वापरली आणि निघालेला कापूस टाकायला धीर झाला नाही म्हणून घरी नेऊन उशीत भरला.

हिरोची बायको भिंतीपासून सरळ झाली. तिचा हात आपसूक मानेकडे गेला.

“म्हणजे काय, तर या माणसाला पुढे बारीक व्हायचं होतं,” आत्या म्हणाली, “पण कुणाला कळू द्यायचं नव्हतं. नवं माप द्यायचं तर शंभर प्रश्न. त्यापेक्षा पुतळाच आधी बारीक करून ठेवला की कोट आपोआप नव्या अंगाचा शिवला जाईल आणि बारीक होऊन परत आल्यावर बरोबर बसेल. डोकं चांगलं चालवलं. फक्त एक चूक झाली. जन्मभर पुतळ्यावर कपडे शिवून घेतलेल्या माणसाचीच होईल अशी चूक. त्याला वाटलं, माणूसही धाकट्यासारखाच असतो.”

हिरो जमिनीकडे बघत होता.

“धाकट्याचा कापूस काढला की तो त्याच क्षणी बारीक. माणसाच्या आत नळी फिरली की आतलं सगळं दुखावतं आणि शरीर तिथे पाणी धरतं. पोट सुजतं. पहिले काही आठवडे ते आधीपेक्षा मोठंही दिसेल, काट्यावर वजन वाढलेलंही दिसेल. जागा बधिर होते, टाचणी टोचली तरी कळत नाही. वरून हात लावला तर आत गाठी लागतात. सूज धरून ठेवायला अंगावर हुकांचा घट्ट पट्टा घालावा लागतो आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सारखं चालावं लागतं. सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. तोवर कोट मिटत नाही, याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा होत नाही.”

“म्हणजे बिघडलेलं नाही?” हिरो म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याला नंतर कळलं. पण आता मागे घ्यायला काही उरलं नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढं हायसं वाटलेलं दिसत होतं की कात्रीताईंचाही राग निम्मा झाला.

६

मग तो भडाभडा बोलला. या नाटकात त्याला कोवळ्या प्रेमिकाचं काम होतं आणि आरशात काका दिसत होता. डॉक्टरांनी सुजेचं, पट्ट्याचं, महिन्यांचं सगळं नीट सांगितलं होतं. हा मात्र ते सांगत असताना ‘नंतर’चे फोटो बघत होता. परत आल्यावर काटा पुढे सरकलेला पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. तपासणीला एकदाच गेला, पुढच्या वेळी काय ऐकावं लागेल या भीतीने गेलाच नाही. कोट मिटला नाही तेव्हा तर कोटच चुकला असावा, अशी त्याने मनापासून प्रार्थना केली.

“उद्या सकाळी तपासणीला जायचं,” आत्या म्हणाली. “पोटरी सुजून दुखली, ताप आला, दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, तत्काळ जायचं. आणि ऐका. काढलेली चरबी परत येत नाही, पण उरलेली फुगू शकते. अबरचबर खाणं सोडलं नाहीत तर पोट राहील बाजूला आणि ती पाठीवर नाहीतर दंडावर येऊन बसेल. हे वजन उतरवायचं औषध नव्हे, आकाराची डागडुजी आहे.”

हिरोची बायको अजून त्याच्याकडेच बघत होती.

“तो पट्टा तुमचा आहे?” तिने विचारलं.

“माझाच. अंगावरचा धुवायचा असला की तो घालतो.”

“आणि माझी मान?”

“तुझ्या उशीत धाकट्याचं पोट आहे,” हिरो म्हणाला.

ती आधी हसली आणि मग रडली, आणि मग त्याला मारायला धावली, पण कुठे मारावं हे कळेना म्हणून नुसतीच त्याच्यापुढे उभी राहिली. मला सांगितलं असतं तर मी पट्टा धुऊन दिला नसता का, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मालकीणबाईंनी हे थोडा वेळ चालू दिलं. मग त्या हिरोला म्हणाल्या, “काल तुम्ही कोटाला उशीचा अभ्रा म्हणालात.”

हिरोला आता गोल गोल बोलून सुटता आलं असतं. शब्दांची त्याला कधीच वाण नव्हती.

“कोट बिनचूक होता, बाई,” तो म्हणाला. “धाकट्याला मी बिघडवलं, कोटाला मी नावं ठेवली, आणि कात्रीताईंवर येतंय हे दिसत असून मी गप्प बसलो. काय ठरवायचं ते माझ्याबद्दल ठरवा.”

बाईंनी ठरवायला वेळ घेतला नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत खिडकीतली उडी राखीवने मारायची. त्याला पोटावर बसणारा एक मखमली कोट तयारच आहे, खांद्यात भर घातली की झालं. राखीवने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. मग बाई कात्रीताईंकडे वळल्या. शनिवारपर्यंत दुसरा कोट होईल का, आणि ज्याचं पोट दर आठवड्याला बदलणार आहे अशा माणसाचा होईल का?

“होईल,” कात्रीताई म्हणाल्या. “दोन्ही कुशींना नाडी ओवते. सूज उतरेल तशी आवळायची. पण माप पुतळ्याचं घेणार नाही. माणसाचं घेणार, आणि आत्ताच.”

त्यांनी गळ्यातली टेप काढली. हिरो दिव्याखाली येऊन उभा राहिला आणि त्याने सदऱ्याची बटणं स्वतःच सोडली. आजवर कधी चुकून टेप जवळ आलीच की हा माणूस पोट पार पाठीला चिकटवायचा आणि त्या बिचाऱ्या उरलेलं मनाने वाढवून घ्यायच्या. आज त्याने ते सैल सोडलं. कात्रीताईंनी टेप पट्ट्यावरून फिरवली, आकडा बघितला आणि नेहमीप्रमाणे त्याच्या कानात पुटपुटल्या.

“मोठ्याने सांगा,” हिरो म्हणाला. “सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

त्यांनी मोठ्याने सांगितला. त्याची बायको म्हणाली, बाप रे, आणि सगळ्यात आधी हिरोच हसला. मालकीणबाईंनी तिथूनच भाड्याच्या दुकानाला फोन लावला आणि कोट नको म्हणून कळवलं, आत्ताही नको आणि पुढेही नको. कात्रीताईंनी उरलेली मखमल टेबलावर पसरली, आणि त्यांना कालपासून पहिल्यांदाच सपाटून भूक लागली.